‘लिंबूटिंबू’ म्हणण्याआधी गेल्या वर्षीचा तक्ता छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत ‘लिंबूटिंबूंचे चमत्कार’ या मथळ्याखाली पानभर मजकूर आला आहे. इंग्लंडच्या फुटबॉलमधलं लेस्टर सिटी, आयपीएलचे डेक्कन चार्जर्स, अमेरिकेतल्या सेंट लुइसचे दोन संघ (बेसबॉलचे कार्डिनल्स आणि आइस हॉकीचे ब्लूज) आणि शेवटी ‘युरो’ ही युरोपीय देशांची फुटबॉल स्पर्धा जिंकणारा ग्रीस, असे पाच विजेते एकाच पानावर बसवलेत. छायाचित्रं उत्तम आहेत. पण मजकुरात ‘चमत्कार’ हा शब्द सतरा वेळा आला आहे. मी मोजला. मोजण्याची खोड जुनी आहे. एकतीस वर्षं मी क्रिकेट सामन्यांचा गुणलेखक होतो, तेव्हा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

आधी एक चूक दाखवतो. लेखात म्हटलंय, की प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांनी ‘तळाला पडलेला’ लेस्टरचा संघ हाती घेतला आणि वर्षभरात विजेता केला. रानिएरी आले जुलै २०१५ मध्ये. त्याआधी संपलेल्या हंगामात लेस्टर चौदाव्या क्रमांकावर होतं, विसाव्या नव्हे. त्या हंगामात ते साडेचार महिने तळाला होते हे खरं, पण शेवटी तिथून बाहेर पडले, आणि पडले तेही रानिएरी यायच्या आधी. चूक बारीक वाटेल. माझ्या मते सगळी गोष्ट तिच्यातच आहे, म्हणून हे लांबलचक पत्र. जागेअभावी कापायचं झालं तर माझ्याबद्दलचा मजकूर कापा, आकडे कापू नका.

मी कसा मोजतो ते सांगतो. गुणपुस्तकात सुटलेल्या झेलाला रकाना नसतो. धाव झाली तर धाव लिहायची, नाही तर ठिपका द्यायचा, बस. मी मात्र समासात बारीक अर्धचंद्र काढायचो. एक सुटलेला झेल, एक अर्धचंद्र. एका वर्षी आमच्या साखळीतला सगळ्यांत दुबळा समजला जाणारा संघ करंडक घेऊन गेला. ‘नशीब काढलं’ असं सगळे म्हणाले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आयोजकांनी तर बक्षीस समारंभात माइकवरच सांगून टाकलं. रात्री मी पुस्तक उघडून बसलो. त्यांच्या क्षेत्ररक्षणाच्या शेवटच्या पाच डावांत समासात एकच अर्धचंद्र होता. गेल्या वर्षीच्या पुस्तकात तेवढ्याच डावांत चौदा. फलंदाजी होती तशीच रडतखडत चालली होती. या माणसांनी वर्षभर झेल घेण्याचा सराव केला होता, एवढंच. तो करताना कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून निकालाला नशीब म्हणून मोकळे झाले.

तेव्हापासून मी एक वेगळी वही ठेवली आहे. तीत जगातल्या व्यावसायिक लीग असतात. डाव्या पानावर गेल्या हंगामाचा तक्ता, उजव्या पानावर या हंगामाचा. कोणी अनपेक्षित जिंकलं की मी आधी डावं पान वाचतो.

लेस्टरचं डावं पान असं आहे. २०१४-१५ च्या हंगामात २९ सामने झाले तेव्हा गुण १९. संघ सर्वांत खाली आणि खालच्या वर्गात जायची तयारी झालेली. उरलेल्या नऊ सामन्यांत सात विजय, एक बरोबरी, एक हार. गुण २२. म्हणजे आधीच्या २९ सामन्यांत मिळाले त्यापेक्षा जास्त गुण शेवटच्या नऊ सामन्यांत. सामन्यामागे सरासरी काढली तर २.४४ येते. आता उजवं पान बघा. विजेतेपदाच्या हंगामात ३८ सामन्यांत ८१ गुण, सरासरी २.१३. म्हणजे ज्याला आपण चमत्कार म्हणतो त्या वर्षापेक्षा त्याच्या आधीच्या वसंतात हा संघ जास्त वेगाने गुण मिळवत होता. दोन्ही पानं जोडली तर ४७ सामन्यांत ३० विजय, १३ बरोबरी आणि फक्त ४ पराभव.

आणि या दोन पानांच्या मधल्या उन्हाळ्यात बुकींनी भाव दिला एकास पाच हजार.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून तोवर फक्त पाच क्लब विजेते झाले होते. लेस्टरचा क्लब १८८४ चा, आणि तेवढ्या वर्षांत सर्वोच्च साखळीत त्यांची सर्वांत मोठी मजल म्हणजे १९२८-२९ मधला दुसरा क्रमांक. त्यात प्रशिक्षक नवा. नोव्हेंबर २०१४ मध्ये रानिएरींचा ग्रीस स्वतःच्या मैदानावर फेरो बेटांकडून हरला होता आणि दुसऱ्या दिवशी त्यांची नोकरी गेली होती. नऊ सामन्यांच्या जोरावर पैसे लावायला कोण धजावणार? मीही लावले नसते. डावं पान माझ्यासमोर होतं, तरी मी पेन्सिलीने कडेला फक्त ‘बरे’ एवढंच लिहून ठेवलं होतं. तो शब्द अजून तसाच आहे, खोडलेला नाही.

तर प्रश्न असा, की हा संघ दुबळा होता का? जेमी वार्डी त्याआधी काही वर्षं खालच्या, अर्धव्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत होता आणि कारखान्यात काम करत होता. २०१२ मध्ये त्याला फ्लीटवूड टाउनकडून सुमारे दहा लाख पौंडांना घेतलं. रियाद माहरेझ जानेवारी २०१४ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या वर्गातल्या ल आव्हर क्लबकडून आला, सुमारे चार लाख पौंडांत. एन्गोलो कान्ते २०१५ च्या उन्हाळ्यात काँ नावाच्या छोट्या फ्रेंच क्लबकडून आला. ही खरेदी स्वस्त होती. स्वस्त आणि दुबळा यांत आपली वृत्तपत्रं फरक करत नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे. मोठ्या क्लबांनी न पाहिलेली माणसं लेस्टरच्या शोधकांनी जाऊन पाहिली होती. वार्डीने त्या हंगामात लागोपाठ ११ सामन्यांत गोल केले, तो लीगचा विक्रम झाला. माहरेझ खेळाडूंच्या संघटनेचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. असे तीन खेळाडू एका संघात असतील तर त्याला लिंबूटिंबू म्हणायचं कोणत्या तोंडाने?

माझ्या वहीतला सगळ्यांत आवडता भाग याच पानाच्या खालच्या अर्ध्यात आहे. पहिल्या १९ सामन्यांत लेस्टरने २५ गोल खाल्ले होते. नंतरच्या १९ मध्ये फक्त ११. फेब्रुवारीत आर्सेनलकडून १-२ असं हरल्यानंतरच्या नोंदी मी तुम्हाला जशाच्या तशा उतरवून देतो: १-०, २-२, १-०, १-०, १-०, १-०. लिहिताना मला शंका आली, की एकच ओळ पुन्हा पुन्हा उतरवतोय की काय. सामन्याची तारीख आणि समोरच्या संघाचं नाव पुन्हा तपासलं. बरोबर होतं. हे काही परीकथेतल्या संघाचे आकडे नव्हेत. पेढीवरचा हिशेबनीस संध्याकाळी कुलूप लावून घरी जातो, तसला हा प्रकार. शेवटच्या बारा सामन्यांत एकही पराभव नाही. पूर्वी सारखे खेळाडू बदलतात म्हणून रानिएरींची टिंगल व्हायची. इथे त्यांनी बदलायचंच नाही असं ठरवलं. कर्णधार वेस मॉर्गन लीगमधला एकही मिनिट बाहेर बसला नाही.

नशीब नव्हतं असं मी म्हणत नाही. होतं, आणि ते कुठे होतं तेही तक्त्यात दिसतं. गतविजेते चेल्सी दहाव्या क्रमांकावर घसरले. १४ डिसेंबर २०१५ ला लेस्टरने त्यांना २-१ हरवलं आणि तीन दिवसांत त्यांचे प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांची गच्छंती झाली. मँचेस्टरचे दोन्ही क्लब ६६ गुणांवर थांबले. ८१ गुण दर वर्षी पुरत नाहीत. २०१८-१९ मध्ये लिव्हरपूलने ९७ गुण मिळवले आणि ते दुसरे आले. युरोपातल्या स्पर्धा नसल्याने आणि दोन्ही कपांतून लवकर बाहेर पडल्याने लेस्टरला सगळे मिळून ४३ सामने खेळावे लागले, त्यामुळे पायही ताजे राहिले. म्हणजे मोठ्यांचं वर्ष वाईट गेलं आणि लेस्टरने ती संधी वाया घालवली नाही. दहा गुणांच्या फरकाने ३८ सामन्यांची साखळी जिंकणाऱ्याला कोणी ‘चुकून जिंकला’ म्हणत असेल, तर ३८ सामने म्हणजे किती आठवडे याचा त्याने एकदा हिशेब करावा.

आता डेक्कन चार्जर्स. इथे मात्र मी तुमच्या लेखकाच्या बाजूने आहे, आणि कारण वेगळं आहे.

आयपीएलच्या पहिल्या वर्षी, २००८ मध्ये, डेक्कन आठव्या म्हणजे शेवटच्या क्रमांकावर होतं. १४ सामन्यांत २ विजय. त्यांच्या वर सातव्या जागी बंगळूरू, ४ विजय. माझ्या वहीचं ते पान उलटं धरलं, डोकं खाली पाय वर, की पहिल्या दोन ओळींत हे दोन संघ येतात. २००९ च्या अंतिम सामन्यात जोहान्सबर्गला खेळले ते हेच दोन संघ. एवढा व्यवस्थित उलटलेला तक्ता मी दुसरा पाहिलेला नाही. डेक्कन ६ बाद १४३, बंगळूरू ९ बाद १३७. सहा धावांनी डेक्कन विजेते. गंमत म्हणजे सामनावीर हरलेल्या संघाचा कर्णधार, अनिल कुंबळे, १६ धावांत ४ बळी.

पण त्या वर्षीच्या साखळीचा तक्ता कोणाला आठवतो? डेक्कनने १४ पैकी ७ जिंकले आणि ७ हरले. चौथ्या क्रमांकावरून कसेबसे उपांत्य फेरीत आले. पहिल्या क्रमांकावर दिल्ली होती, १० विजय. उपांत्य सामन्यात ॲडम गिलख्रिस्टने ३५ चेंडूंत ८५ धावा कुटल्या आणि दिल्लीची महिन्याभराची कमाई एका संध्याकाळी संपली. डेक्कनमध्ये सुधारणा झाली होती यात वाद नाही. रुद्र प्रताप सिंग त्या वर्षी २३ बळी घेऊन सर्वांत पुढे होता, आणि गिलख्रिस्ट हा काही ऐरागैरा माणूस नव्हे. तरीही निम्मे सामने हरलेला संघ विजेता होतो तेव्हा श्रेय देताना स्पर्धेच्या रचनेचंही नाव घ्यावं लागतं. साखळी सांगते वर्षभर कोण चांगलं होतं. बाद फेरी सांगते त्या दिवशी कोण चांगलं होतं. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत.

जाता जाता राजस्थान रॉयल्सचं बोलून घेतो, कारण त्यांना तुमच्या पानावर जागा मिळाली नाही आणि दर वर्षी कोणीतरी त्यांना ‘दुबळे विजेते’ म्हणतंच. ६ कोटी ७० लाख डॉलर ही त्यांची किंमत, आठ संघांत सर्वांत कमी. २००८ च्या पहिल्या सामन्यात दिल्लीने त्यांना नऊ गडी राखून हरवलं. पण उरलेल्या १३ पैकी ११ जिंकून ते साखळीत पहिले आले होते. अंतिम सामना शेवटच्या चेंडूवर सुटला म्हणून लोकांना धाकधूक तेवढी लक्षात राहिली. जो साखळीतही पहिला आणि करंडकातही पहिला, त्याला दुबळा म्हणणं म्हणजे अंगावरचा सदरा पाहून माणसाचं वजन सांगणं.

रचनेचा मुद्दा सगळ्यांत स्वच्छ दिसतो तो कार्डिनल्सच्या पानांवर. इथे मी तीन पानं शेजारी शेजारी डकवली आहेत. २००४: साखळीत १०५ विजय, वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, बोस्टनकडून ०-४ असा सरळ पराभव. २००५: १०० विजय, वर्ल्ड सिरीजपर्यंतही पोहोचले नाहीत. २००६: ८३ विजय, ७८ पराभव, आणि विश्वविजेते! वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या संघांत याहून कमी विजयांची टक्केवारी कोणाची नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या दोन्ही संघांनी ९७-९७ सामने जिंकले होते. म्हणजे तीन वर्षांतला सगळ्यांत कमकुवत संघच करंडक घेऊन गेला. कार्डिनल्सच्या माणसांना विचारलं तर त्यांना २००४ चा संघ जास्त आठवत असेल, असा माझा अंदाज आहे, पण मिरवणूक निघाली ती २००६ च्या संघाची. आणि अंतिम मालिकेत समोरच्या डेट्रॉइटने काय केलं? पाच सामने झाले आणि पाचही सामन्यांत त्यांच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, क्षेत्ररक्षणात एकेक चूक केली. चेंडू टाकायचा तर नीट टाकला, पण हातात आलेला बहुतेक वेळा भलतीकडेच फेकला. बेसबॉलच्या गुणपत्रकात चुकांना स्वतंत्र रकाना असतो. मी त्या रकान्यावर जीव टाकतो. क्रिकेटमध्ये तो असता तर मला अर्धचंद्र काढावे लागले नसते.

अमेरिकेतल्या लीगबद्दल आणखी एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी होती, ती लेखात नाही. तिथे नवे खेळाडू निवडताना साधारणपणे तळाच्या संघांना आधी संधी मिळते. त्यांच्या फुटबॉलमध्ये आणि आइस हॉकीमध्ये एका संघाने पगारावर किती खर्च करायचा यावरही कमाल मर्यादा आहे. तळाचा संघ वर यावा अशी व्यवस्था मुद्दाम करून ठेवलेली आहे. युरोपच्या फुटबॉलमध्ये तळाला बक्षीस म्हणून खालचा वर्ग मिळतो. म्हणून सेंट लुइस आणि लेस्टर एका माळेत ओवता येत नाहीत. अमेरिकी फुटबॉलच्या न्यूयॉर्क जायंट्सनी २०११ च्या हंगामात ९ सामने जिंकले, ७ हरले, ३९४ गुण केले आणि ४०० दिले. म्हणजे वर्षभराचा हिशेब तोट्यात. तरी सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, त्यांचा. बेसबॉलमधले १९८७ चे मिनेसोटा ट्विन्सही असेच, ७८६ धावा करून ८०६ देणारे विजेते. घरच्या मैदानावर ८१ पैकी ५६ विजय, बाहेर फक्त २९. वर्ल्ड सिरीजमध्ये घरचे चारही सामने जिंकले, बाहेरचे तिन्ही हरले. चार सामने घरी होते, म्हणून ट्रॉफी घरी राहिली. यात चमत्कार कसला? वेळापत्रक कोणी छापलं ते विचारा.

ब्लूजचं प्रकरण तिसरंच. ३ जानेवारी २०१९ च्या सकाळी ते अख्ख्या नॅशनल हॉकी लीगमध्ये शेवटचे होते, ३७ सामन्यांत ३४ गुण. १२ जूनला बोस्टनच्या बर्फावर सातवा सामना ४-१ जिंकून क्लबच्या ५२ वर्षांतला पहिला स्टॅनली कप, म्हणजे लीगचा करंडक, त्यांनी उचलला. वाचायला छान वाटतं. पण ३ जानेवारीचा संघ आणि जूनचा संघ एकच होता का? नोव्हेंबरात प्रशिक्षक बदलला होता, क्रेग बेरुबे आले होते. ७ जानेवारीला जॉर्डन बिनिंग्टन नावाच्या गोलरक्षकाला पहिल्यांदा सुरुवातीपासून उभं केलं. हंगामाच्या आरंभी क्लबच्या यादीत तो चौथा होता. पहिल्याच सामन्यात त्याने एकही गोल होऊ दिला नाही. उरलेल्या साखळीत त्याच्या नावावर २४ विजय आणि नियमित वेळेतले ५ पराभव. आइस हॉकीत गोलरक्षक बदलणं म्हणजे घराचा दरवाजाच बदलणं. माझ्या वहीत मी त्या तारखेवर लाल रेघ मारली आहे आणि रेघेखाली नवा तक्ता सुरू केला आहे. तुम्ही ‘शेवटून पहिले’ असं लिहिलं. वर ब्लूज आणि खालीही ब्लूज लिहिलेलं असलं तरी माझ्या हिशेबी ते दोन संघ होते.

तुमच्या पानावर न आलेला, पण मला सगळ्यांत प्रिय असलेला संघ म्हणजे हेल्लास व्हेरोना, इटली, १९८४-८५. त्या काळी इटलीत जगातले सगळे बडे खेळाडू जमले होते. युव्हेंटसकडे प्लातिनी, उदिनेसेकडे झिको, आणि त्याच उन्हाळ्यात नापोलीने माराडोनाला आणलं होतं. माराडोनाचा इटालियन लीगमधला पहिला सामना कोणाविरुद्ध? व्हेरोनाविरुद्ध. हान्स-पीटर ब्रीगेल नावाच्या धिप्पाड जर्मनाने त्याला दिवसभर हलू दिलं नाही आणि वर स्वतः गोलही केला. व्हेरोना ३-१. पुढच्याच महिन्यात युव्हेंटसविरुद्ध डेन्मार्कचा प्रेबेन एल्केअर डावीकडून धावत सुटला, आडव्या आलेल्या खेळाडूच्या झटापटीत त्याचा बूट निघाला, आणि हा पठ्ठ्या थांबला नाही. आत शिरला आणि मोज्याच्या पायाने चेंडू जाळ्यात घातला. मी तो गोल कितीतरी वर्षांनी चित्रफितीवर पाहिला. बूट मागे गवतात पडलेला, आणि मालक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हात वर करून पळतोय.

त्या हंगामात आणखी एक गोष्ट होती. पंचांच्या नेमणुका निव्वळ चिठ्ठ्या टाकून झाल्या. तो प्रयोग तेवढ्या एकाच हंगामापुरता राहिला. इटलीत आजही लोक या दोन गोष्टी एका दमात सांगतात आणि भुवया उंचावतात. मी भुवया उंचावत नाही, कारण डावं पान माझ्याकडे आहे. १९८२ मध्ये वरच्या वर्गात आल्यावर व्हेरोना पहिल्या वर्षी चौथे, दुसऱ्या वर्षी सहावे. दोन्ही वर्षी इटालियन कपच्या अंतिम फेरीत. प्रशिक्षक तेच, ओस्वाल्दो बान्योली. तिसऱ्या वर्षी ३० सामन्यांत १५ विजय, १३ बरोबरी, फक्त २ पराभव. पायरी पायरीने चढत आलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर बघून ‘हा कुठून उगवला’ म्हणायचं, तर दोष जिना न पाहणाऱ्याचा आहे.

ग्रीसबद्दल फार लिहीत नाही, राष्ट्रीय संघांची गोष्ट निराळी. फक्त एक धागा जोडून देतो, जो तुमच्या लेखकाला सापडला नाही. २००४ च्या ग्रीसचे प्रशिक्षक ऑटो रेहागेल. त्याआधी त्यांनी जर्मनीत काय केलं होतं? १९९६ च्या वसंतात बायर्न म्युनिकने त्यांना काढून टाकलं. ते गेले कैझर्सलाउटर्नकडे, जो क्लब तेव्हाच खालच्या वर्गात ढकलला गेला होता. एका वर्षात वर आणला. वर आल्यावरचा पहिलाच सामना म्युनिकला, बायर्नविरुद्ध, १-० विजय. परतीचा सामना २-०. हंगामाच्या शेवटी कैझर्सलाउटर्न ६८, बायर्न ६६. वर चढून आलेला क्लब त्याच वर्षी बुंडेसलीगाचा, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च साखळीचा, विजेता झाला, ते तेवढं एकदाच. सहा वर्षांनी हाच माणूस ग्रीसला घेऊन पोर्तुगालला जातो आणि बाद फेरीचे तिन्ही सामने १-० ने जिंकतो, तेव्हा जगाला धक्का बसतो. जगाने प्रशिक्षकाचं नाव वाचलं नसावं.

आता मागणी. पूर्वी आपल्या क्रीडा पानावर दर सोमवारी लीगचे पूर्ण तक्ते असायचे, बारीक टायपात, विसाव्या क्रमांकापर्यंत. आता पहिले चार संघ छापता आणि उरलेल्या जागेत एखाद्या खेळाडूचा हसरा चेहरा. तळाचे सोळा संघ वाचकाला दिसतच नाहीत. मग त्यातला एखादा एकदम वर आला की वाचकालाही तो चमत्कार वाटतो आणि लिहिणाऱ्यालाही. तेव्हा माझी विनंती एवढीच, की हंगाम सुरू होताना एक दिवस गेल्या हंगामाचा पूर्ण तक्ता छापा, आणि त्याच्या शेजारी शेवटच्या दहा सामन्यांचा वेगळा तक्ता छापा. दोन रकान्यांची जागा लागेल. मजकूर मी फुकट करून देतो. सुवाच्य अक्षरात, आडव्या-उभ्या बेरजा तपासून. एकतीस वर्षांत माझी बेरीज दोनदाच चुकली आहे आणि दोन्ही वेळा चहा सांडला होता.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त गुणलेखक

ता. क. : पत्र बंद करताना विगनची आठवण झाली. ११ मे २०१३, शनिवार. इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्यात विगन ॲथलेटिकने मँचेस्टर सिटीला १-० हरवलं. नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर, नुकत्याच बदली आलेल्या बेन वॉटसनने कॉर्नरवर डोक्याने गोल केला. सोमवारी सिटीच्या प्रशिक्षकांना काढलं. मंगळवारी विगन आर्सेनलकडून १-४ हरले आणि खालच्या वर्गात गेले. कप जिंकून त्याच हंगामात खाली जाणारा तो पहिला क्लब. या संघाला दुबळा म्हणायचं की विजेता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सध्या त्यांचं नाव वहीच्या मधल्या शिवणीवर लिहून ठेवलं आहे, अर्धं या पानावर, अर्धं त्या.